आधी चेहरा, मग आकडा

मॉडेलचं कॉम्प कार्ड ही फॅशनच्या धंद्यातली जुनी आणि साधी वस्तू आहे. साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचा जाड कागद. पुढे एक मोठा चेहरा, मागे तीन-चार फोटो आणि मापं: उंची, छाती, कंबर, नितंब, बुटाचा नंबर, केसांचा आणि डोळ्यांचा रंग. एजन्सी हे कार्ड मासिकाकडे पाठवते आणि बुकिंग बघणारा माणूस अशी तीस-चाळीस कार्डं टेबलावर पसरून निवड करतो. गेल्या दहाएक वर्षांत मापांच्या या यादीत एक ओळ वाढली: इन्स्टाग्रामचं खातं आणि बरेचदा त्याच्यापुढे फॉलोअरचा आकडा. मुखपृष्ठासाठी निवड चालू असली की आता नजर आधी त्या ओळीवर जाते आणि मग चेहऱ्यावर.

माझा आक्षेप त्या ओळीला नाही, ती कधी वाचली जाते याला आहे. आकडा शेवटी बघायचा सोडून सुरुवातीला बघितला जातो आणि सगळा घोळ तिथेच होतो. वाचकाने आजवर न पाहिलेलं त्याच्यासमोर ठेवण्याचा हक्क ही फॅशन मासिकाची खरी मिळकत. मुखपृष्ठ आकड्यावर ठरलं की मासिक तो हक्क सोडून देतं, आणि बदल्यात हाती येतं ते हिशेब मांडला तर फार थोडं निघतं.

यावर एक प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे. ओळखीचे चेहरे मुखपृष्ठावर पूर्वीही होते, मग आजच तक्रार का? त्यासाठी थोडं मागे जाऊ. ‘व्होग’ हे अमेरिकी फॅशन मासिक १८९२ साली निघालं आणि पुढची कित्येक वर्षं त्याचं मुखपृष्ठ म्हणजे बहुतेक वेळा चित्रकाराचं चित्र असायचं. जुलै १९३२च्या अंकावर एडवर्ड स्टायकेन यांचा रंगीत फोटो आला: पोहण्याच्या पोशाखातली, हातात चेंडू उंच धरलेली मुलगी. ती कोण, हे कळण्याची वाचकाला गरजच नव्हती. जानेवारी १९५०च्या अंकावर फोटोग्राफर एर्विन ब्लूमेनफेल्ड यांनी जीन पॅचेट या मॉडेलचा चेहरा जवळजवळ पुसूनच टाकला. उरले फक्त डोळा, भुवई, ओठ आणि तीळ. नोव्हेंबर १९८८मध्ये अ‍ॅना विंटूर यांचा संपादक म्हणून पहिला अंक निघाला तेव्हा मुखपृष्ठावर मॉडेल मिकाएला बर्कू होती. वर डिझायनर क्रिस्तियाँ लाक्रोआचं भरजरी जॅकेट, खाली साधी फिकट जीन्स, डोळे जवळपास मिटलेले. भलताच फोटो तर चुकून आला नाही ना, अशी छापखान्यातून विचारणा झाली होती. इतकं ते डोळ्यांना नवं होतं.

नव्वदच्या दशकात वारं फिरलं. १९९४ साली ‘इनस्टाइल’ निघालं ते प्रसिद्ध व्यक्तींच्या कपड्यांवरच उभं होतं. १९९८ या एकाच वर्षात ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर टीव्हीवरच्या ओप्रा विनफ्री आणि हिलरी क्लिंटन दोघी येऊन गेल्या. नट्या, गायिका, खेळाडू यांनी मॉडेलना मुखपृष्ठावरून बाजूला सारलं, ही गोष्ट इन्स्टाग्रामच्या बरीच आधीची आहे. मोबाइलच्या माथी सगळं मारणं खरं होणार नाही.

तरीही २०१४पासून जे घडलं ते त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल नाही. एप्रिल २०१४च्या अमेरिकी ‘व्होग’वर टीव्ही आणि सोशल मीडियावर गाजलेली किम कार्दाशियन आणि रॅपर कान्ये वेस्ट आले आणि त्यांच्या फोटोशेजारी हॅशटॅग छापला गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबर अंकाने मॉडेलच्या नव्या पिढीला ‘इन्स्टागर्ल्स’ असं नावच देऊन टाकलं. एप्रिल २०१५मध्ये ब्लॉग लिहिणारी कियारा फेरान्यी स्पेनच्या ‘व्होग’वर आली. सप्टेंबर २०१६च्या अमेरिकी अंकावर इन्स्टाग्रामवर गाजलेली मॉडेल केंडल जेनर होती. गंमत अशी की त्याच महिन्यात मिलानच्या फॅशन वीकनंतर ‘व्होग’च्याच संपादकांनी पैसे घेऊन तासातासाला कपडे बदलणाऱ्या ब्लॉगरना संकेतस्थळावर जाहीरपणे झापलं होतं. घरात दोन मतं होती आणि त्यातलं कुठलं मुखपृष्ठापर्यंत पोचलं, ते त्या वर्षीच्या अंकांवर दिसतंच.

फरक कुठे पडला, ते नीट समजून घ्यायला हवं. नटीची प्रसिद्धी दुसऱ्या कामातून आलेली असते. पडद्यावर ती कुणाची तरी भूमिका करते. मासिक तिला त्या भूमिकेच्या बाहेर काढतं, वेगळ्या कपड्यांत, वेगळ्या प्रकाशात उभी करतं. म्हणजे नाव ओळखीचं असलं तरी चित्र नवं असतं. सोशल मीडियावरच्या प्रसिद्ध व्यक्तीचं कामच मुळी स्वतःला रोज दाखवणं हे आहे. सकाळचा चेहरा, कपाट, नवीन बूट, मेकअप आधी आणि नंतर, सगळं तिच्या फॉलोअरनी वर्षभर पाहिलेलं असतं. तिचे वर्षाला चारशे फोटो येत असतील तर मुखपृष्ठ हा चारशे एकावा. फोटोग्राफर कितीही चांगला असला तरी अशा चेहऱ्याचं नवं काही दाखवणं त्याला फार जड जातं, आणि व्यक्तीच्या हाताखालची माणसं सहसा ते होऊही देत नाहीत. गालाची कुठली बाजू दाखवायची, केस कसे ठेवायचे, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, कारण ती ठरलेली छबी हाच तर तिचा धंदा.

मग संपादक या वाटेला गेले का? पैशापायी, आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. अमेरिकेत स्टॉलवर पाठवलेल्या मासिकांच्या निम्म्याहून जास्त प्रती न विकता परत येतात. ‘सेल्फ’ आणि ‘टीन व्होग’ यांनी २०१७ साली नियमित छापील अंक बंद केले, अमेरिकी ‘ग्लॅमर’ने जानेवारी २०१९च्या अंकानंतर, ‘इनस्टाइल’ आणि ‘अल्यूर’ने २०२२मध्ये. ज्या कचेरीत शेजारचं मासिक बंद पडताना दिसतं, तिथे संपादकाला कुणी ‘एक कोटी लोक हिला बघतात’ असं सांगितलं तर तो कान देणारच.

जाहिरातीचं गणितही बदललं. पूर्वी कंपनी पान विकत घ्यायची. आता ती एकगठ्ठा सौदा करते: छापील पान, मासिकाच्या खात्यावरचा व्हिडिओ, आणि मुखपृष्ठावरच्या व्यक्तीने स्वतःच्या खात्यावर टाकायच्या पोस्ट. करारात हे बारकाईने लिहिलेलं असतं. किती पोस्ट, किती स्टोरी, कुठल्या तारखेच्या आत नाही, कुणाकुणाला टॅग करायचं, किती महिने दुसऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावर जायचं नाही. त्यात आतल्या पानावरच्या एका छोट्या ओळीला फार किंमत असते. मुखपृष्ठावरचे कपडे कुणाचे, दागिने कुणाचे, लिपस्टिक कुठली, ते तिथे छापतात. यालाच कव्हर क्रेडिट म्हणतात. मोठे जाहिरातदार वर्षभरात आपल्याला किती क्रेडिट मिळाले ते मोजतात. आता समजा, मुखपृष्ठावर आलेली व्यक्ती ज्या ब्रँडचे कपडे घालून उभी आहे त्याच ब्रँडची पगारी प्रचारक आहे. वाचकाला वाटतं संपादकाने निवडलेले कपडे आहेत. खरं तर निवड त्या आधीच कुठल्या तरी करारात झालेली असते. स्वतःच्या खात्यावर जाहिरातीची पोस्ट टाकताना तिला तसं जाहीर करावं लागतं. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ साली यासाठी नव्वदहून जास्त पत्रं पाठवली होती. मुखपृष्ठ मात्र या सगळ्यातून सुटतं.

आता आकारमानाबद्दल. या वादात त्याचा उल्लेख फारसा होत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. छापील मुखपृष्ठ साधारण आठ बाय पावणेअकरा इंचांचं असतं. हातभर अंतरावरून कापडाची वीण दिसते, शिवण दिसते, रेशमाची चमक आणि लोकरीचा खरखरीतपणा वेगळा कळतो. मुखपृष्ठ रचण्याचे जुने नियम या आकारावर बेतलेले आहेत. मासिकाचं नाव वर आणि डोकं त्या अक्षरांवर किंचित चढलेलं. डावीकडचा तिसरा हिस्सा मोलाचा, कारण स्टॉलवर अंक एकमेकांवर सरकवून लावले की तेवढाच दिसतो. नजर थेट बघणाऱ्याकडे. कव्हरलाइनसाठी, म्हणजे मुखपृष्ठावरच्या मथळ्यांसाठी, बाजूला शांत जागा, बारकोडसाठी खालचा कोपरा.

तेच मुखपृष्ठ फोनवर एका रांगेत तीन खण अशा मांडणीत आलं की जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद उरतं. २०२५च्या सुरुवातीपर्यंत इन्स्टाग्रामच्या खात्यावरचे खण चौरस होते. उभं मुखपृष्ठ त्यात बसवलं की वर नाव कापलं जायचं आणि खाली गुडघे. एवढ्या जागेत पूर्ण उंचीचा फोटो म्हणजे एक उभी रेघ. कोटाचा कट दिसत नाही, घेर दिसत नाही, काळ्यावर काळ्या धाग्याने केलेलं भरतकाम तर नाहीच नाही. कपडा त्या आकारात वाचताच येत नाही. ओळखीचा चेहरा मात्र नखाएवढा असला तरी ओळखू येतो, कारण डोळा तिथे बघत नसतो, आठवत असतो.

मग होतं असं: दोन कव्हर तयार केली जातात, दोन्ही फोनवर बघितली जातात, अनोळखी मॉडेलचं उत्तम कोट घातलेलं कव्हर फिकं वाटतं आणि ओळखीच्या चेहऱ्याचं झळकतं. बैठकीत निष्कर्ष निघतो की वाचकांना ओळखीचे चेहरे आवडतात. प्रत्यक्षात वाचकाची आवड कुणी विचारलेलीच नसते. बघितलेली असते ती अडीच सेंटिमीटरच्या खणाची मर्यादा. पुढच्या वेळी फोटोग्राफरला सूचना जाते: जवळून घ्या, पार्श्वभूमी सपाट ठेवा, एकच ठळक रंग वापरा. फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावरून कपडे असे हळूहळू खाली सरकत सरकत चौकटीबाहेर जातात.

याला इलाज आहे आणि तो माणूस बदलण्यापेक्षा स्वस्त आहे. कागदासाठी एक चित्र आणि फोनसाठी दुसरं, असं शूटच्या दिवशीच ठरवायचं. पूर्ण उंचीचा फोटो कागदावर. फोनसाठी त्याच कपड्याच्या बाहीची चुणी, कॉलरची धार, चालताना हलणारा घेर, असा सहा-आठ सेकंदांचा व्हिडिओ. त्यासाठी दिवसाच्या वेळापत्रकात एक तास आणि एक जास्तीचा कॅमेरा लागतो. हा तास राखून ठेवला नाही तर शेवटी मुख्य फोटोच कापून वापरला जातो आणि फोनवर फिका दिसल्याचं खापर मॉडेलवर फुटतं.

आता हिशेब. समजा मुखपृष्ठावरच्या व्यक्तीचे २० लाख फॉलोअर आहेत. तिने मुखपृष्ठाची पोस्ट टाकली. पोस्ट सगळ्यांना दिसत नाही. दहा टक्क्यांना दिसली असं धरू, म्हणजे दोन लाख. पोस्टच्या मजकुरातली लिंक उघडत नाही, त्यासाठी तिच्या खात्यावर जावं लागतं किंवा चोवीस तासांत नाहीशी होणारी स्टोरी बघावी लागते. दोन लाखांतला एक टक्का माणसं अ‍ॅप सोडून मासिकाच्या पानावर आली, तर ती दोन हजार. त्यातल्या दोन टक्क्यांनी अंक विकत घेतला तर प्रती झाल्या ४०. हे टक्के माझे, उदाहरणापुरते. कुणाला कंजूष वाटले तर तिन्ही दुप्पट करावेत; उत्तर येतं ३२०. ज्याच्या त्याच्या कचेरीत खरे आकडे असतातच, ते घालून हीच तीन गुणाकारांची ओळ मांडावी. वीस लाखांचा आकडा आणि प्रतींचा आकडा यांच्यामध्ये किती दारं आहेत, हे त्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. लाइक करायला अंगठा पुरतो. अंक घ्यायला ऐपत लागते, वेळ लागतो, आणि आत काहीतरी वाचण्यासारखं असेल असा भरवसाही लागतो.

आकडा खरा आहे का, हा तर वेगळाच प्रश्न. डिसेंबर २०१४मध्ये इन्स्टाग्रामने खोटी खाती झाडून काढली तेव्हा जस्टिन बीबरचे तीस लाखांहून जास्त फॉलोअर एका फटक्यात गेले. फॉलोअर विकणाऱ्या डेवूमी या कंपनीवर अमेरिकेत कारवाई झाली ती २०१९मध्ये, आणि विकत घेतलेल्या फॉलोअरवर स्पष्ट बंदी घालणारा तिथला नियम २०२४चा. म्हणजे ज्या दहा वर्षांत या आकड्यांवर मुखपृष्ठं ठरली, त्यातला बराच काळ तो तपासण्याचा धड नियमही नव्हता. ज्यांना आकडा वापरायचाच आहे त्यांनी निदान सहा महिन्यांचा आलेख मागवावा. फॉलोअर कामाबरोबर वाढले असतील तर रेघ हळू चढते. विकत घेतले असतील तर एका रात्रीत पायरी दिसते आणि पुढचे आठवडे उतार. पन्नास प्रतिक्रिया वाचून बघाव्यात. त्यात कपड्याबद्दल, फोटोबद्दल वाक्य आहे की नुसत्या हृदयांच्या रांगा? फॉलोअर कुठल्या देशांत आहेत आणि मासिक कुठे विकलं जातं, हे जुळतंय का? बक्षिसांच्या पोस्ट वगळून शेवटच्या बारा पोस्टची सरासरी काढावी. या चार गोष्टींना अर्धा दिवस पुरतो.

चाहत्यांची फौज असली की खप खरोखर वाढतो, हे नाकारता येणार नाही. जानेवारी २०२२च्या अंकांसाठी कोरियातल्या ‘व्होग’ आणि ‘जीक्यू’ने बीटीएस या गायकांच्या गटाची वेगवेगळी मुखपृष्ठं काढली, आणि अशा वेळी चाहते सगळा संच गोळा करतात. पण एका माणसाने घेतलेल्या आठ प्रती म्हणजे आठ वाचक नसतात. पुढच्या महिन्यात तो माणूस येत नाही, कारण तो मासिकाकडे आलाच नव्हता. चीनमध्ये चाहत्यांमधली अशी चढाओढ एवढी वाढली की ऑगस्ट २०२१मध्ये सरकारने कलाकारांच्या लोकप्रियतेच्या क्रमवारी लावण्यावरच बंदी घातली. त्या लाटेवर वर्षाचा खप बेतणाऱ्या मासिकाची लाट ओसरल्यावर काय गत होईल, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक विसंगती. इन्स्टाग्राम २०१० साली फोटोंसाठी निघालं. २०२० साली त्यात रील आल्या आणि २०२१च्या जूनमध्ये कंपनीच्या प्रमुखांनीच सांगून टाकलं की आता हे केवळ फोटोंचं अ‍ॅप राहिलेलं नाही. म्हणजे आज ज्याला मोठा आकडा मिळतो त्याला तो कॅमेऱ्याशी बोलण्यासाठी, नाचण्यासाठी, तीन सेकंदांत लक्ष धरून ठेवण्यासाठी मिळतो. यात कसब आहेच. पण मुखपृष्ठ हा स्थिर फोटो. तिथे लागतं ते निराळं: दिवा कुठे आहे ते न बघता ओळखणं, खांदा दोन बोटं मागे नेला की कोटाची पुढची बाजू कशी उघडते ते माहीत असणं, पाऊल अर्धवट उचलून घेराची रेघ धरून ठेवणं, आणि हे आठ-दहा तास, एकापाठोपाठ एक कपडे बदलत. एका खेळातले गुण दुसऱ्या खेळाच्या निवडीसाठी धरले जात आहेत.

हे कसब मॉडेल शिकते ते आतल्या पानांवरच्या कामातून. त्या कामाला पैसे नाममात्र मिळतात. काही मासिकं दिवसाला काहीशे डॉलर देतात, काही तेही देत नाहीत. मुखपृष्ठाची आशा हाच त्याचा खरा मोबदला होता. ती आशा फॉलोअरच्या अटीवर टांगली की मुलगी शिकायचा वेळ रील करण्यात घालवते, तेही फुकट, आणि एजन्सी तिला तेच करायला सांगते. इथे एक गोष्ट मनाला फार लागते. २०१२ साली ‘व्होग’च्या एकोणीस आवृत्त्यांच्या संपादकांनी सोळा वर्षांखालील मुलींना घेऊन काम न करण्याचं ठरवलं. २०१८मध्ये ‘व्होग’ची प्रकाशक कंपनी काँदे नास्तने ती मर्यादा अठरापर्यंत नेली. चांगली आणि कष्टाने आलेली सुधारणा. पण इन्स्टाग्रामवर बहुतेक देशांत तेराव्या वर्षी खातं उघडता येतं. अठराव्या वर्षी मोठा आकडा घेऊन दाराशी यायचं तर तो गोळा करणं चौदा-पंधराव्या वर्षीच सुरू करावं लागतं, स्वतःचं शरीर अनोळखी लोकांच्या शेऱ्यांपुढे रोज ठेवून. स्टुडिओचं दार बंद केलं आणि मागची खिडकी सताड उघडी ठेवली, असं झालंय.

दुसरी बाजू आहे, आणि ती मोठी आहे. फॅशनचे जुने दरवान काही न्यायी नव्हते. ‘व्होग’च्या अमेरिकी मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय स्त्री, बेव्हर्ली जॉन्सन, आली ती ऑगस्ट १९७४मध्ये, मासिक सुरू होऊन ८२ वर्षं झाली होती. संपादकांच्या ‘नजरे’चा जयजयकार करताना ही ८२ वर्षं विसरून चालणार नाही. भरल्या अंगाची मॉडेल पालोमा एल्सेसर हिला मेकअप कलाकार पॅट मॅकग्राथ यांनी इन्स्टाग्रामवर पाहिलं. जानेवारी २०२१च्या अमेरिकी ‘व्होग’च्या मुखपृष्ठांपैकी एकावर ती होती. डाउन सिंड्रोम असलेल्या एली गोल्डस्टीनचा गुच्चीसाठी काढलेला फोटो २०२०मध्ये इटलीच्या ‘व्होग’च्या इन्स्टाग्राम खात्यावर आला, त्याला लाखो लाइक मिळाले, आणि मे २०२३मध्ये ती ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर पोचली. एजन्सीच्या जुन्या मापांच्या तक्त्यात या दोघी बसल्या नसत्या. सोशल मीडियाने हे दार उघडलं याबद्दल त्याला पूर्ण श्रेय द्यायला हवं.

मात्र या उदाहरणांत काय घडलं ते बारकाईने बघा. पालोमाला एका जाणत्या माणसाने पडद्यावर पाहिलं आणि ‘ही’ म्हणून बोट ठेवलं. एलीचा फोटो एका मासिकाने निवडून आपल्या खात्यावर टाकला, लाइक नंतर आले. सोशल मीडिया इथे शोधायची जागा होती, उत्तीर्ण व्हायची परीक्षा नव्हती. आकड्याची अट लावली की उलटंच होतं. ज्याच्या घराण्याचं नाव आधीच मोठं आहे, ज्याला पगारी फोटोग्राफर आणि संकलक परवडतो, जो जगातल्या मोठ्या भाषांमध्ये बोलतो, त्याचा आकडा आपोआप मोठा. मे २०१७मध्ये ‘व्होग इंडिया’ने आपल्या दहाव्या वर्धापनाच्या मुखपृष्ठावर केंडल जेनरला आणलं आणि भारतीय वाचकांनी त्यावर खूप नाराजी व्यक्त केली. दहा वर्षांत ज्या देशाची फॅशन दाखवली त्या देशाचा चेहरा त्या एका अंकावर हवा होता, ही त्यांची मागणी अगदी साधी होती. दोष जेनर हिचा नाही. बोलावलं, ती आली.

आकड्यामागे धावून मासिकाची पत वाढली का? दोन गरोदर स्त्रियांचे फोटो आठवून बघा. ऑगस्ट १९९१मध्ये डेमी मूरचा फोटो ‘व्हॅनिटी फेअर’च्या मुखपृष्ठावर आला, अ‍ॅनी लीबोव्हिट्झ यांनी काढलेला, आणि जगभर चर्चा झाली ती त्या मुखपृष्ठाची. फेब्रुवारी २०१७मध्ये बियॉन्सेने आपल्या गरोदरपणाचा फोटो थेट स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकला आणि तो तोवरचा सर्वाधिक लाइक मिळालेला फोटो ठरला. मधे कुठलंही मासिक नव्हतं. त्याआधी सप्टेंबर २०१५च्या ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर ती आली तेव्हा तिने मुलाखतही दिली नव्हती. ज्याच्याकडे स्वतःचे वाचक आहेत त्याला मासिकाची गरज कमी, आणि ज्याला गरज कमी तो अटी घालणार. फोटो आम्ही मंजूर करू, हा प्रश्न विचारायचा नाही, स्टायलिस्ट आमचा. बारा महिने अशा अटी मान्य करणाऱ्या मासिकाकडे तेराव्या महिन्यात स्वतःचं म्हणून काय उरतं?

करायचं काय, ते अवघड नाही. निवडीची पहिली फेरी आकड्याशिवाय करावी. कार्डावरची ती ओळ झाकून ठेवायची. बिनमेकअपचे साधे फोटो बघायचे: समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचा. त्यातून पाच-सहा जणींना अर्ध्या दिवसाच्या चाचणी शूटला बोलवायचं, पैसे देऊन, आणि त्या अंकाचे कपडे घालून. फोटो मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावायचे, मासिकाच्या नावासकट. निवड झाली की मग आकडे उघडायचे, प्रसिद्धीची आखणी करायला. निवडलेलीचा आकडा लहान असेल तर फोटोग्राफर, डिझायनर, मेकअप कलाकार यांच्या खात्यांचा मेळ घालायचा. त्यांचे फॉलोअर संख्येने कमी पण फॅशन बघणारे असतात.

एकदम सगळी मुखपृष्ठं बदलणं मासिकाला झेपणार नाही, हेही मान्य. म्हणून दुहेरी मुखपृष्ठ. मुखपृष्ठाचा जाड कागद आतल्या पानांपासून वेगळा छापला जातो, त्यामुळे त्याच अंकाचं दुसरं मुखपृष्ठ काढायला नव्या प्लेट, यंत्र जुळवण्याचा वेळ आणि सुरुवातीला वाया जाणारे थोडे कागद एवढाच वाढीव खर्च येतो. स्टॉलवर ओळखीचा चेहरा पाठवा, वर्गणीदारांना नवा. वर्गणीदाराने पैसे आधीच भरलेले असतात. त्याला चेहऱ्याने ओढायचं नसतं, त्याला काहीतरी नवं दाखवायचं असतं. यात एक चूक हमखास होते. नव्या चेहऱ्याचं मुखपृष्ठ कमी दिवसांत, उरलेल्या कपड्यांत उरकलं जातं आणि मग ते कमी पडलं म्हणून दाखवलं जातं. दोन्हींना तोच फोटोग्राफर, तेवढाच वेळ आणि त्याच दर्जाचे कपडे मिळाले तरच तुलनेला अर्थ आहे.

आणि कव्हर क्रेडिटच्या त्या छोट्या ओळीत आणखी चार शब्द घालावेत. जॅकेट कुणाचं, बूट कुणाचे, हे जिथे छापतात तिथेच मुखपृष्ठावरची व्यक्ती त्यातल्या कुठल्या ब्रँडशी करारबद्ध आहे तेही छापावं. जागा लागते अर्ध्या सेंटिमीटरची.

जुलै २००८मध्ये इटलीच्या ‘व्होग’च्या संपादक फ्रांका सोत्सानी यांनी फक्त कृष्णवर्णीय मॉडेल घेऊन अख्खा अंक काढला, स्टीव्हन मायझेल यांच्या फोटोंसह. असे चेहरे विकले जात नाहीत, ही त्या काळी धंद्यात सर्रास ऐकू येणारी समजूत होती. इन्स्टाग्राम यायला अजून दोन वर्षं होती. कुठल्याही मॉडेलच्या नावापुढे कसलाही आकडा नव्हता. अंक स्टॉलवर आला, संपला, आणि अमेरिका आणि ब्रिटनसाठी त्याच्या जास्तीच्या हजारो प्रती पुन्हा छापाव्या लागल्या.